गोव्यात गाडी भाड्याने घेऊन फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की पुण्या-कोल्हापूरकडून, मुंबईहून आणि बेळगावहून निरोप सुरू होतात. नाताळ जवळ आला की लिस्बन आणि इंग्लंडमधल्या स्विंडनहून घरी येणाऱ्या गोवेकरांचे प्रश्न त्यांत मिसळतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोव्यात खरंच गाडी घ्यायला हवी का? टॅक्सीने भागत नाही?

कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेल आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे आणि बेत समुद्रकाठी बसण्याचाच आहे, तर घेऊ नका. गाडी तीन दिवस हॉटेलच्या दारात उभी राहील आणि बाहेर काढलीत की पार्किंग शोधण्यात संध्याकाळ जाईल.

पण मंगेशी, म्हार्दोळ, तांबडी सुर्ल्याचं मंदिर, साखळी-वाळपईकडचा भाग किंवा दक्षिणेला काणकोणपर्यंत जायचं असेल, तर स्वतःची गाडी हाताशी हवीच. ओला-उबर इथे नाही. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, पण आतल्या गावात रात्री आठनंतर त्यावर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. एकट्या माणसाला जवळच जायचं असेल तर मोटरसायकलवरचा पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी, सगळ्यांत सोपा. भाडं तेवढं बसण्याआधी ठरवून घ्या.

२. काळी पाटी, पिवळी पाटी, पांढरी पाटी यांत नेमका फरक काय?

पाटी म्हणजे गाडीची नंबरप्लेट. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची गाडी. केंद्र सरकारच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली या गाड्या येतात. दुचाकींसाठी अशीच वेगळी योजना १९९७ ची आहे, त्यामुळे भाड्याच्या स्कूटरलाही काळीच पाटी लागते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, ती चालक चालवणार. पांढरी पाटी म्हणजे मालकाने स्वतःच्या वापरासाठी घेतलेली खासगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही.

पाटी बघून झाली की गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते तिथेच कळतं. दोन मिनिटांचं काम, पण दहातले नऊ जण करत नाहीत.

३. हॉटेलवाल्याच्या ओळखीने पांढऱ्या पाटीची गाडी निम्म्या भावात मिळतेय. सगळेच घेतात, मग काय बिघडतं?

घेतात खरे. नाक्यावर अडवलं तर ‘मित्राची गाडी आहे’ असं सांगायचं, हेही मालकाने पढवलेलं असतं. पोलीस रोज हेच ऐकतात. मग ते मित्राचं आडनाव विचारतात, आणि मागच्या सीटवरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

परमिट नसलेली गाडी भाड्याने वापरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम गाडी चालवणाऱ्यालाही लागतं, फक्त मालकाला नाही. गाडी जप्त झाली तर सामान हातात घेऊन रस्त्यावर उभं राहायचं ते तुम्हीच.

दंडापेक्षाही मोठी भीती विम्याची. खासगी गाडीच्या पॉलिसीत गाडी भाड्याने देणं वगळलेलं असतं. अपघात झाला की कंपनी हात वर करते, आणि समोरचा जखमी असेल तर भरपाईची रक्कम लाखांत जाते. वाचलेले हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत. माझं मत विचाराल तर काळ्या पाटीची गाडी मिळत नसेल तेव्हा टॅक्सी करा, पण पांढरी घेऊ नका.

४. कागदपत्रं कोणती लागतात? लायसन्स मोबाइलमध्ये आहे, चालेल?

तुमच्याकडचं म्हणजे लायसन्स आणि एक ओळखपत्र. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स कायद्याने ग्राह्य आहे. गॅलरीत ठेवलेला फोटो मात्र ग्राह्य नाही. लर्निंग लायसन्सवर कुणी गाडी देणार नाही. कायद्याने वय १८ पुरे असलं तरी बरेच मालक २१ च्या आतल्यांना नाही म्हणतात.

गाडीच्या कागदांत आरसी, विमा, परमिट, फिटनेस आणि पीयूसी यांच्या प्रती डॅशबोर्डच्या कप्प्यात असायला हव्यात. सगळ्यांत महत्त्वाचा तुमच्या नावाचा भाडेकरार. गाडी तुमच्याकडे का आहे याचं उत्तर नाक्यावर तोच कागद देतो.

आधार कार्ड मूळ ठेवून घेतो असं मालक म्हणाला तर देऊ नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढता येतं, त्याची प्रत द्या.

५. लायसन्सची मुदत मागच्याच आठवड्यात संपली. महिनाभर सवलत असते ना?

पूर्वी ३० दिवसांची असायची. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स, आणि त्याचा दंड ५,००० रुपये. दंडाचं एक वेळ सोसेल, पण अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. घरून निघण्याआधी तारीख बघा.

६. भाऊ इंग्लंडहून नाताळला येतोय. त्याच्या तिकडच्या लायसन्सवर इथे गाडी चालवता येईल?

मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना असेल तर येईल. हा परवाना ज्या देशाने लायसन्स दिलं त्याच देशात काढावा लागतो. इथे उतरल्यावर पणजीच्या आरटीओत तो मिळत नाही. नेमकं हेच विमानतळावर उतरल्यावर आठवतं. ब्रिटनमध्ये २०२४ पासून तो पेपॉइंटच्या दुकानांत मिळतो, पूर्वी पोस्टात मिळायचा. भारतासाठी १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणेचा परवाना मागायचा. त्याची मुदत एक वर्ष.

त्याच्या लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक गाडीची नोंद असेल तर इथेही ऑटोमॅटिकच घ्या. पोर्तुगालहून येणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय असते. मुख्य रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत ती आड येत नाही. रिकाम्या गावरस्त्यावर वळण घेताना हात आपोआप चुकीच्या बाजूला जातो. पहिला दिवस घरच्या कुणाला तरी शेजारी बसवा.

त्याच्याकडे जुनं भारतीय लायसन्सही असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल तर तेच दाखवावं. वाद कमी होतो.

७. भाडं किती पडतं? डिपॉझिट आणि पेट्रोलचं काय असतं?

पावसाळ्यात छोटी हॅचबॅक साधारण हजार-दीड हजार रुपये रोजाने मिळते. सीझनला त्याहून वर जाते आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मालक सांगेल तो भाव. त्या आठवड्यासाठी नोव्हेंबरातच बुकिंग करा. डिपॉझिट वेगळं. ते यूपीआयने द्या, म्हणजे दिल्याची नोंद राहते.

‘एक दिवस’ म्हणजे २४ तास की रात्री अकरापर्यंत, हे आधी विचारा. उशीर झाला तर तासाला किती, हेही.

टाकी बहुतेक वेळा जेमतेम भरलेली मिळते. काटा जिथे होता तिथे आणून परत करायची. पहिल्याच दिवशी टाकी फुल करू नका. गोवा लहान आहे, तीन दिवसांत ती संपत नाही आणि उरलेल्या पेट्रोलचे पैसे कुणी परत देत नाही. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी मात्र उलट करावं. महाराष्ट्रापेक्षा इथे पेट्रोल स्वस्त आहे, म्हणून तिथवर पुरेल एवढंच ठेवून पत्रादेवीची सीमा ओलांडल्यावर भरावं.

८. गाडी ताब्यात घेताना काय काय बघायचं?

परतीच्या वेळचे निम्मे वाद इथेच मिटतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

गाडी देणारा पोरगा घाईत असतो. त्याला पुढची डिलिव्हरी असते, तुम्हाला समुद्र दिसायला लागलेला असतो. तरी दहा मिनिटं काढा. मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ घ्या. सुरुवात पुढच्या नंबरप्लेटपासून करा आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा. बंपरच्या खालच्या कडा, दारांच्या कडा, आरशांच्या पाठी आणि चारही रिम दिसले पाहिजेत. डाव्या बाजूच्या रिम विशेष बघा, कारण अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की गाडी डावीकडच्या चिऱ्याच्या गडग्याला घासते आणि तो ओरखडा आधीच्या पाहुण्याचा असतो. मग आत बसून किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि डॅशबोर्डवर पेटलेला एखादा दिवा असेल तर तोही टिपा. व्हिडिओत त्या पोराचा आवाज आला तर उत्तमच: ‘हा ओरखडा जुना आहे ना?’ ‘हो, जुनाच.’ व्हिडिओ तिथल्या तिथे मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. पाठवल्याची वेळ आपोआप नोंदली जाते.

नंतर डिकी उघडा. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का. वायपर एकदा फिरवून बघा. एसी पाच मिनिटं चालू ठेवा. टायरच्या खाचा बोटाने चाचपा. गुळगुळीत टायर उन्हाळ्यात खपून जातो, जूनमध्ये ओल्या उतारावर खपत नाही.

बहुतेक गाड्यांना जीपीएस लावलेलं असतं. वेग वाढला की मालकाच्या मोबाइलवर सूचना जाते. काही जण त्यावर दंड लावतात. करारात तसं आहे का ते वाचा.

९. गाडी मोपाला घ्यावी की दाबोळीला?

विमान जिथे उतरतं तिथे, आणि विमान कुठे घ्यायचं हे राहण्याच्या जागेवरून ठरवा. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. तो पेडण्यात, म्हणजे उत्तरेच्या टोकाला. हरमल, मोरजी, हणजूणसाठी तो सोयीचा. पाळोळ्याला जायचं आणि मोपाला उतरलात तर सारा गोवा उभा पार करावा लागतो, शंभर किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेसाठी दाबोळी बरा. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी सुटली आहे. पर्वरीच्या बाजूला मात्र वेळ हाताशी ठेवून निघा.

१०. करार माझ्या नावावर आहे. बायको किंवा मित्र चालवू शकतात का?

त्यांचं नाव आणि लायसन्स करारात असेल तरच. बहुतेक मालक दुसऱ्या चालकाचं नाव फुकट घालतात, फक्त सुरुवातीला सांगावं लागतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘रिकाम्या रस्त्यावर जरा चालवू दे’ हा लाड करू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालक आणि मालक दोघे अडकतात. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

११. जेवणासोबत एक बिअर घेतली तर चालते ना? गोवाच आहे शेवटी.

गोव्यासाठी वेगळा आकडा नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही देशभराची मर्यादा आहे. एक बिअर कुणाला त्याच्या आत ठेवते, कुणाला बाहेर नेते. वजन, जेवण आणि वेळ यांवर ते अवलंबून असतं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्यायचं असेल त्या संध्याकाळी गाडी हॉटेलवर ठेवून टॅक्सी करा. एवढा खर्च सहलीत धरूनच या.

१२. गाडी बीचवर नेता येते का? रील्समध्ये तर नेतात.

नाही. किनाऱ्यावर गाडी नेणं हा गुन्हा आहे आणि पोलीस गुन्हे नोंदवतात. मोरजी-हणजूणकडे दरवर्षी कुणाची तरी गाडी वाळूत रुतते. वरची वाळू कडक दिसते, चाक फिरलं की खालची ओली वाळू सरकते. एक्सलरेटर दाबाल तसं चाक खोल जातं. तेवढ्यात भरती येते. खारं पाणी इंजिनात शिरलं की दुरुस्तीचं बिल तुमचं, कारण बेकायदा वापराला विमा लागू होत नाही.

१३. पणजीत आणि म्हापशात पार्किंग कुठे करायचं?

पणजीत गाडी पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा आणि चालत फिरा. फोंताइनास या जुन्या वस्तीच्या गल्ल्या अरुंद आहेत, त्यातल्या काही एकमार्गी. तिथे लोक राहतात. त्यांच्या दारात गाडी लावून भिंतीसमोर फोटो काढत बसलात तर ओरडा खाल, आणि तो रास्तच असेल. शनिवार-रविवारी संध्याकाळी कॅसिनोंसमोरचा बांदोडकर मार्ग टाळा. म्हापशाला शुक्रवारी बाजार असतो. सॉसेज, चवळी, केळी घ्यायला जरूर जा, पण सकाळी लवकर.

१४. मॅप बघून चाललो तर रस्ता नदीत संपला. असं कसं?

तिथे फेरीबोट असते. रायबंदर ते चोडण, जुनं गोवा ते दिवाडी, केरी ते तेरेखोल अशा फेऱ्या नदी परिवहन खातं चालवतं. मॅप त्या रस्ता म्हणूनच दाखवतो. रांगेत उभे राहा, बोटीवरचा माणूस हाताने खुणावेल तशी हळू चढवा, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा. दिवाडीला पुलाने जाता येत नाही, आणि ते बेट त्यामुळेच शांत राहिलंय असं मला वाटतं. ओहोटीला तेरेखोलची फेरी थांबू शकते. त्या वाटेने जाण्याआधी १५ वाचा.

१५. भाड्याची गाडी मालवण-तारकर्लीला नेता येईल का?

काही गाड्यांना गोव्यापुरतंच परमिट असतं, काहींना इतर राज्यांचंही. मालकाला विचारा आणि ‘महाराष्ट्रात नेण्यास परवानगी’ असं करारात लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, जावा’ याला नाक्यावर अर्थ नाही.

चकवा आहे तो तेरेखोलच्या किल्ल्याचा. किल्ला गोव्याचा, पण नदीच्या पलीकडे महाराष्ट्राला लागून. केरीहून फेरीने गेलात तर गोव्यातच राहता. फेरी बंद असेल आणि किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून गेलात तर मधला रस्ता सिंधुदुर्गातला. गोव्यातलं ठिकाण बघायला गोव्याचं परमिट पुरत नाही, अशी ती एकच जागा. चोर्ला घाटाने बेळगावकडे निघालात तरी सीमेचा हाच नियम.

१६. परत जाताना दोन-चार बाटल्या डिकीत ठेवल्या तर?

सीमेपलीकडे बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि दारूसोबत गाडीही जप्त होते. भाड्याची गाडी अडकली तर ती सुटेपर्यंतचं रोजचं भाडं मालक तुमच्याकडून मागेल. काजू न्या.

१७. दूधसागरच्या धबधब्यापर्यंत गाडी जाते का?

कुळ्यापर्यंत जाते. तिथून पुढे अभयारण्यातून फक्त तिथल्या जीप जातात आणि पावसाळ्यात त्याही बंद असतात. ओढ्यातून हॅचबॅक काढायचा विचारही नको.

१८. गाडी घासली किंवा अपघात झाला तर आधी काय करायचं?

कुणी जखमी असेल तर १०८ वर रुग्णवाहिका, मग ११२ वर पोलीस. मोठी दुखापत असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. घाबरून निघून गेलात तर साध्या अपघाताचं मोठं प्रकरण होतं. गाड्या हलवण्याआधी फोटो घ्या.

फक्त पत्रा चेपला असेल तर आधी मालकाला फोन करा. भर रस्त्यात जमलेल्या लोकांसमोर रोख देऊन मिटवू नका. मालकाच्या संमतीविना केलेली तडजोड दाव्यात अडथळा होते. पूर्ण विमा असला तरी प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम गाडीवाल्याच्या खिशातून जाते आणि ती तो तुमच्याकडून घेतो. किती, हे गाडी घेतानाच करारात पाहून ठेवा. दारू प्यायलेला किंवा विनालायसन्स चालक असेल तर कंपनी पीडिताला दिलेली भरपाई वसूल करायला मागे लागू शकते (५ आणि ११ पाहा).

१९. घरी पोहोचल्यावर महिन्याने मालकाने चलन पाठवलं. भरायचं का?

ई-चलन गाडीच्या नंबरवर निघतं, म्हणून ते आधी मालकाकडे जातं. परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर नंबर टाकून तारीख, वेळ आणि फोटो बघा. गाडी तेव्हा तुमच्याकडे असेल तर भरा, तेही थेट संकेतस्थळावर. मालकाच्या खात्यात ‘चलनाचे’ म्हणून पैसे पाठवू नका. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, १,००० रुपये दंड. पाहुण्यांची बरीच चलनं त्याचीच असतात.

२०. जुना ओरखडा दाखवून डिपॉझिट अडवलंय. काय करू?

८ मधला व्हिडिओ दाखवा. बहुतेक वेळा तिथेच आवाज खाली येतो. नाहीच आला तर कोणता भाग, किती खर्च, कोणतं गॅरेज हे लेखी मागा. वादाच्या भरात स्वतःची गाडी किंवा सामान अडवू देऊ नका, ११२ आहेच. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पांढऱ्या पाटीची गाडी घेतली असेल तर मात्र तक्रार करायला जाताना स्वतःचाच गुन्हा सांगावा लागतो.

वाळू आणि ओल्या कपड्यांचे डाग यावर साफसफाईचे पैसे कापतात, ते रास्त आहे. सीटवर जुना टॉवेल टाका आणि पाय बाहेर झटकून आत बसा.

२१. जुलैत येतोय. पावसात गाडी चालवणं कितपत अवघड?

दिवसा छान, रात्री त्रासाचं. कोरडी जागा म्हणून गुरं डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावरच दिसते. चोर्ला आणि अनमोडला धुकं उतरतं, दरडीही येतात. घाट अंधाराआधी ओलांडा. डिचोली-साखळी बाजूला खाणीचे ट्रक लागले तर त्यांच्या मागे चिकटू नका, चिखल उडून काच क्षणात लाल होते.

२२. चौघं आहोत. गाडीऐवजी दोन स्कूटर घेतल्या तर?

स्वस्त पडेल. काळी पाटी, लायसन्स, करार हे सगळं तसंच. फक्त मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, खालचा जुना पूल धरा. मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला नाहीत तर तो तुम्हाला वरच्याच पुलावर चढवेल, आणि तिथे मागे वळायला जागा नाही.